अक्कांची लॉटरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय बाजूला सारते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. आज तुम्हाला सांगायचं म्हणून बसले आहे आणि मघापासून दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला. एकदा उगाच.

गॅस बंदच होता.

कुठून सुरुवात करू? कामापासून करते, ते सोपं आहे. जिंतूरला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. आधी मी तिथं नोकरीला होते, सरांनी बंद करायचं ठरवलं तेव्हा मी चालवायला घेतला. शिवाय शाळांमधून, बचत गटांच्या बैठकांमधून मला बोलायला बोलावतात. विषय ठरलेला — मोबाईलवरची, मेलवरची फसवणूक कशी ओळखायची. मी सुरुवात लॉटरीच्या मेलपासून करते, कारण त्यावर माणसं हसतात आणि हसली की ऐकतात. मी विचारते, तुम्ही तिकीट काढलं होतं का? सगळे ओरडतात, नाही! मग न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागलं कसं? हशा पिकतो. मग मी सांगते की नीट बघा, तुमचं नावसुद्धा त्यात नसतं, नुसतं ‘प्रिय विजेते’ असतं. कंपनी जगातली मोठी, आणि मेलचा पत्ता मात्र कुणीही फुकट उघडावा तसला. इंग्रजी मोडकंतोडकं. आज उत्तर द्या नाहीतर बक्षीस गेलं, अशी घाई. कुणाला सांगू नका, अशी तंबी. आणि शेवटी मुद्द्याचं — बक्षीस देण्याआधी तेच तुमच्याकडून पैसे मागतात. देणारा माणूस आधी मागतो कशाला?

बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, तुम्हाला हे सगळं कसं काय कळलं?

मी म्हणते, अनुभवानं.

हे उत्तर खोटं आहे का? नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून जे वाटतं ते खोटं आहे. आणि ते तसंच वाटावं म्हणून मी ते उत्तर निवडलेलं आहे.

अक्कांबद्दल सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना मध्ये एका फाट्यावर उतरलं की आत आमचं गाव. मी परभणीची, वडील कारकून, दोन खोल्यांच्या घरात वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, घर अक्कांच्या हातात होतं. शेत थोरल्या दिरांचं, म्हणजे दादांचं. सोयाबीन आणि कापूस. माझा नवरा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. शेळ्या मात्र अक्कांच्या एकटीच्या. माहेरून आलेल्या एका शेळीपासून त्यांनी तो कळप उभा केला होता, आणि त्यातलं करडू विकायचं की ठेवायचं हे दादासुद्धा त्यांना विचारून ठरवत.

अक्का वाईट नव्हत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात तुम्हाला तसं वाटू शकेल, आणि तसं वाटावं अशी माझी धडपडही दिसेल तुम्हाला. त्या फटकळ होत्या. मला भाकरी थापता येत नव्हती, धार काढता येत नव्हती, चुलीच्या धुरानं माझे डोळे भरून यायचे. त्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या. “मॅडम, बटणं बडवून झाली असतील तर गोठ्यात शेण तसंच हाय.” लोक हसायचे. मीही हसायचे. न हसून करणार काय?

एकदा चार पाव्हणे जेवायला होते. अक्कांनी माझी भाकरी टोपलीतून उचलून सगळ्यांपुढे धरली. “बघा, आमच्या मॅडमनं परभणी जिल्ह्याचा नकाशा काढलाय.” पाव्हण्यांना ठसका लागला. माझा नवरा हसला. मला त्याचं हसणं जास्त लागलं, पण राग अक्कांवर धरला — नवऱ्यावर धरला असता तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात तो मेल आला.

अक्का गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. तालुक्याला कुणीतरी सांगितलं होतं की गटाचा मेल पाहिजे, प्रशिक्षणाची माहिती येते. म्हणून मी अक्कांच्या नावानं एक पत्ता उघडून दिला होता आणि क्लासमध्ये अधूनमधून मीच तो बघत असे. त्यात कधी काही यायचं नाही. त्या दिवशी आलं. कुठल्याशा परदेशी मोबाईल कंपनीनं जगभरातले पत्ते सोडतीत टाकले, त्यात तुमचा पत्ता निघाला, तुम्ही विजेते आहात, अभिनंदन.

आता हे नीट ऐका, कारण सगळं याच्यावरच आहे. तो मेल खोटा आहे हे मला कळलं की नाही?

कळलं. पहिल्या ओळीला कळलं. विचारसुद्धा करावा लागला नाही. तसले मेल घेऊन गिऱ्हाईकं क्लासमध्ये यायची, छापून द्या म्हणायची. शेवटी सरांनी एक मेल छापून काउंटरवर चिकटवला होता आणि वर लाल पेनानं लिहिलं होतं, ‘हे खोटं आहे’. मी त्या कागदाशेजारी दिवसभर बसत असे. एका म्हाताऱ्या कंपाउंडरला तर मीच समजावून घरी पाठवलं होतं, आणि ते गेल्यावर आम्ही हसलो होतो.

तरी मी संध्याकाळी घरी गेले आणि म्हणाले, “अक्का, तुम्हाला लॉटरी लागली.”

थट्टा करायची होती. खरंच, तेवढंच. त्या हुरळतील, दोन घटका नाचतील, मग मी सगळ्यांसमोर सांगेन की खोटं होतं ते — आणि मग एकदा तरी हसायची पाळी माझी. इतकं लहान होतं ते मनात. पण असं झालं की अक्का नाचल्याच नाहीत. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. हातातली फांदी खाली ठेवून त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “खरं?”

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मी म्हणाले, “तसा मेल आलाय.”

“वाच की.”

मी वाचून दाखवला. इंग्रजीतून मराठीत करून, अगदी नीट, एकही शब्द न गाळता. अक्का ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “ह्यांना आत्ताच सांगू नगं. येड्यावानी करायलीस म्हनतील.” आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, “रेणूला नर्सिंगला घालता येईल आता. शेळ्या न्हाई इकाव्या लागणार.”

रेणू त्यांची मुलगी. बारावीला होती. गावातल्या दवाखान्यातली नर्सबाई स्कूटीवर यायची, पांढरे बूट घालायची. रेणूला लहानपणापासून तेच व्हायचं होतं. बारावी झाली की परभणीला नर्सिंगला, आणि त्यासाठी लागेल तेव्हा शेळ्या विकायच्या, हे अक्कांनी कधीचं ठरवून ठेवलेलं होतं. आता शेळ्याही राहणार आणि रेणूही शिकणार, असा त्यांचा हिशोब एका क्षणात जुळला होता. मी तो जुळताना पाहिला.

तेव्हा तरी थांबायचं होतं. आता वाटतं, रेणूचं नाव निघालं तिथंच माझी थट्टा संपायला हवी होती. मग का नाही थांबले?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा चहा तयार होता. अक्कांनी तो मला आणून दिला — अंथरुणाजवळ, वर बशीचं झाकण ठेवून. त्या घरात मला असा चहा कुणी दिला नव्हता. “आज तू गोठ्यात जाऊ नगंस, तुला बस गाठायचीय.” मला त्या दिवसापासून मॅडम म्हणणं बंद झालं. रविवारी त्यांनी मला पुढ्यात बसवलं आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. जाडसर, चिरा पडलेली बोटं. केसात अडकायची. “किती गं गळतेत केस तुझे, खात न्हाईस नीट,” म्हणाल्या. मी डोळे मिटून बसले होते, आणि मला वाटत होतं की हे संपू नये.

हे माझं कारण आहे. याहून मोठं काही नाही. सूड म्हटलं असतं तर निदान त्याला काही वजन तरी आलं असतं. मला चहा मिळत होता, कुणीतरी माझ्या डोक्याला तेल लावत होतं, घरात माझ्या तोंडाकडे बघून कुणीतरी वाट पाहत होतं — म्हणून मी गप्प राहिले. रोज बसमध्ये ठरवायचे, आज सांगते. रोज फाट्यावर उतरले की अक्का वाटेवर दिसायच्या, शेळ्या घेऊन, आणि विचारायच्या, “आलं का काही?”

मग एक दिवस त्या क्लासमध्येच आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, एसटीनं, एकट्या. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. “त्यांना उत्तर लिव्ह. म्या हितं बसते.” सरांनी चिकटवलेल्या कागदावर तेवढ्यात मी एक फाइल सरकवली. लक्षात येतंय का तुमच्या? मी तो लपवला. अक्कांना सहीपुरतंच लिहिता-वाचता येतं, लाल अक्षरं फार तर दिसली असती — तरी लपवला. आणि मी उत्तर लिहिलं. त्यांचं नाव, गाव, फोन नंबर. माझ्या या बोटांनी टाइप केलं आणि पाठवलं. मनाशी म्हटलं, हे पैसे मागतील, अक्का देणार नाहीत, आपोआप संपेल. मला काही बोलावंच लागणार नाही.

पण त्यांना आता नंबर मिळाला होता. मेल राहिला बाजूला, फोन यायला लागले. कुणी हिंदीत बोलायचा. आमच्याकडे हिंदी सगळ्यांना समजते, अक्कांना तर बाजारामुळे चांगलीच येते. तो ‘माताजी’ म्हणायचा. त्यानं त्यांना बजावलं की रक्कम हातात येईपर्यंत घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर नाव रद्द होईल. कुणाला म्हणजे मलाही; हे सगळं मला मागाहून कळलं. अक्का शब्दाच्या पक्क्या. त्या माझ्याशीही त्याबद्दल बोलेनाशा झाल्या, नुसत्या हसायच्या. मला वाटलं, विसरल्या. म्हणजे — वाटलं असं मी धरून चालले.

बाजाराचा दिवस होता. मी सकाळची एसटी मागच्या वस्तीवरच पकडली होती, माझ्या नवऱ्याच्या मावशीकडे रात्री मुक्काम होता. त्यामुळे मी आधीच बसमध्ये होते आणि बस आमच्या फाट्यावर थांबली. खिडकीतून पाहिलं तर लिंबाखाली अक्का उभ्या होत्या. बरोबर एखाददुसरी शेळी नव्हे, सगळा कळप. गळ्यात दोऱ्या. टेम्पोवाला मागचं फळकूट उघडत होता. अक्का एकेका शेळीला उचलून आत देत होत्या आणि देताना प्रत्येकीच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

मला सगळं कळलं. कशासाठी, कुणासाठी, कुणामुळे.

तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. माझी त्यांची नजरानजर झाली. त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मान फिरवली, शेळीच्या दोरीत काहीतरी शोधू लागल्या. आणि मीही फिरवली. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं बाण आणि दोन नावं कोरलेली होती, ती वाचत बसले. चढणारी माणसं चढली. कंडक्टरनं घंटी मारली. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. उठून नुसतं “अक्का, नका” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर कसं सांगू, असं तेव्हा मनात आलं होतं. सगळ्यांसमोर माझं हसू व्हायला नको होतं! ज्या बाईचं मी सगळ्यांसमोर हसू करायला निघाले होते, तिच्यासमोर.

बस सुटली. मी जिंतूरला गेले, क्लास उघडला, मुलांना शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पैसे त्यांनी सांगितलेल्या खात्यात गेले. मग आणखी मागितले, बचतीतले होते तेही गेले. मग फोन लागेनासा झाला. काही दिवस अक्का जेवत नव्हत्या, पोटात दुखतं म्हणायच्या. शेळ्या का विकल्या म्हणून दादांनी विचारलं तर, भाव चांगला आला होता, एवढंच. शेवटी एका दुपारी त्या परत क्लासमध्ये आल्या आणि त्याच खुर्चीवर बसल्या.

“त्यांचा फोन लागंना गं. तू बघ बरं मेलात.”

मी मेल उघडला. बघितल्यासारखं केलं. खाली वर केलं. मग म्हणाले, “अक्का, फसवलं आपल्याला.”

आपल्याला.

या एका शब्दाइतकं नीच मी आयुष्यात काही बोललेले नाही. ‘तुम्हाला’ म्हणायला हवं होतं. मी फसवलं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले आपल्याला, आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसले, त्यांच्यासारखीच फसलेली.

अक्का रडल्या नाहीत. पदर तोंडावर दाबून बसून राहिल्या. एक मुलगा फॉर्म भरायला आला होता, तो आमच्याकडे पाहत होता. मग त्या म्हणाल्या, “रेणूला काय सांगू?”

घरी कळलं तेव्हा दादांनी भिंतीवर हात आपटला. दादा माझ्याशी थेट कधी बोलत नसत, आमच्यात थोरला दीर तसा बोलत नाही, ते माझ्या नवऱ्याकडे बघून ओरडले, “शिकलेली हाय ना ती? रोज जिंतूरला जायलीय ना कंपुटर शिकवायला? तिला कळलं न्हाई?”

खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि तो बरोबर जागी विचारला होता. मी तोंड उघडलं — आजही वाटतं, त्या वेळी कदाचित मी सांगितलं असतं. पण अक्का मध्ये आल्या. माझ्यापुढे उभ्या राहिल्या, अक्षरशः, दादांच्या आणि माझ्या मध्ये.

“तिला कामून बोलायलाव? तिला काय ठावं? ती भी लेकरू हाय. म्या पैसे भरले, मला बोला.”

मी रडायला लागले. अक्कांनी मला जवळ घेतलं. सगळ्यांना वाटलं, बिचारीला अपराधी वाटतंय. वाटत होतंच की. पण त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटत होतं, हेही सांगायलाच हवं.

माझा नवरा म्हणाला, पोलिसात जाऊ. मी म्हणाले, काय उपयोग, ती माणसं परदेशात, वर गावभर बोभाटा होईल. समजावून सांगितलं, चार उदाहरणं दिली. शिकलेल्या बाईचं ऐकलं त्यांनी. मला भीती कशाची होती? कुणीतरी मेल वाचेल, पहिलं उत्तर कुणी टाइप केलं ते विचारेल, आणि क्लासच्या काउंटरवर काय चिकटवलेलं होतं ते सर सांगतील. दुसऱ्या दिवशी मी तो मेल पुसून टाकला. त्यामुळे जे काही परत मिळण्यासारखं असेल तेही गेलं. मिळालं असतं की नाही, ठाऊक नाही. मी ते कळूच दिलं नाही.

रेणू त्या वर्षी परभणीला गेली नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले सगळे. पुढच्या वर्षी सेलूकडचं स्थळ आलं, मुलगा चांगला होता, लग्न झालं. तिनं तक्रार केली नाही. जायच्या दिवशी मला मिठी मारून म्हणाली, “काकू, आईकडं बघा हं. ती मनाला लय लावून घेते.”

मागच्या पावसाळ्यात अक्कांना ताप भरला, जिंतूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रेणू दोन्ही लेकरं घेऊन आली. नर्स सलाइन लावत होती तेव्हा रेणू पलंगाच्या कडेला उभी होती, आणि आईकडे नव्हे, त्या नर्सच्या हातांकडे पाहत होती. शीर कशी शोधते, चिकटपट्टी आधी कशी फाडून ठेवते. नर्स निघून गेल्यावर रेणूनं आईचा हात हातात घेतला आणि जिथं सुई होती तिथं अंगठ्यानं हलकेच चाचपून पाहिलं. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. कोणाचा फोन आलाय असं दाखवून.

आणि माझं काय झालं? माझं चांगलं झालं. त्या प्रकारानंतर मी लोकांना सावध करायला लागले. क्लासमध्ये, मग शाळेत, मग गटांमध्ये. घरच्यांना वाटलं, स्वतः पोळली म्हणून दुसऱ्यांना वाचवतेय. अक्कांना तर अभिमान. त्या शेजारणींना सांगतात, आमची धाकटी गावोगाव बोलायला जाते. मलाही मध्ये काही वर्षं तसंच वाटत होतं. की हे मी भरून काढतेय. पण मी एकदाही कुठं खरी गोष्ट सांगितली नाही. ‘एक बाई होत्या’ असं म्हणून अक्कांची गोष्ट सांगितली. शेळ्यांचंसुद्धा सांगितलं. तिथं लोक चुकचुकतात.

गेल्या महिन्यात चारठाण्याला गटांचा मेळावा होता. अक्का माझ्याबरोबर आल्या. शेळ्या त्यांच्याकडे परत झाल्या आहेत, पहिल्याइतक्या नाहीत. माझं बोलणं झालं, टाळ्या झाल्या, आणि अचानक अक्का मागून उठल्या. मला बोलायचंय म्हणाल्या. मला माहीत नव्हतं. त्यांनी माइक हातात घेतला नाही, तशाच मोठ्यानं बोलल्या.

“बायांनो, मॅडमनं जी बाई सांगितली ना, ती मीच. म्या शेळ्या राखणारी, मला इंग्रजी येत न्हाई. मी फसले त्यात नवल न्हाई. पर ही माझी जाऊ. आज तुमाला शिकवायलीय. तवा ही भी फसली होती. हिनं भी खरंच मानलं. म्हून सांगते, शिकलेल्या माणसानं वाचून दावलं म्हून इस्वास ठिवू नगा. आपला आपुन इचार करा.”

केवढ्या टाळ्या पडल्या. आयोजक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, स्वतःची चूक अशी चारचौघांत येऊ द्यायला मन मोठं लागतं.” मी हात जोडले. हसले. अक्का परत जाऊन जागेवर बसल्या. शेजारच्या बाईनं त्यांना पाणी दिलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसत होता. इतकी वर्षं जी लाज त्या पोटात घेऊन फिरत होत्या ती त्यांनी सगळ्यांपुढे उघडी केली होती. त्यांची लाज. मुळात ती त्यांची होती का?

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच मागे होतो. दुपार होती, रस्त्याला वर्दळ नव्हती, दोन्हीकडे सोयाबीन काढून झालेली रानं. अक्का बाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, “एक मनात येतं गं. तू आज जे सांगितलंस ना — तिकीट काढलं का, नाव हाय का, आधी पैसे कामून मागतेत — हे तुला तवाच ठावं असतं, तर आपली रेणू नर्स झाली असती. न्हाई का?”

त्यात टोमणा नव्हता. मी चाचपून पाहिला, नव्हता. नुसती हळहळ होती, जशी आपण पावसाबद्दल बोलतो.

रिक्षावाला गाणी ऐकत होता, त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. इतकी सोपी वेळ मला पुन्हा कधी मिळणार नाही.

मी म्हणाले, “हो, अक्का.”

त्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं. “जाऊ दे. तुझ्या मनाला लावून घिऊ नगंस.”

घर आलं. अक्का आधी उतरल्या, आणि मला उतरायला हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मी तो धरला.